शरीराचा कौल

निर्णयाचे कारण सांगता येण्याआधीच शरीराला त्याची चाहूल लागू शकते, हे १९९७ साली पत्त्यांच्या एका डावातून पुढे आले. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात आंत्वान बेशारा, आंतोनिओ दामासिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेळणाऱ्यांपुढे पत्त्यांच्या चार गड्ड्या ठेवल्या आणि हाती दोन हजार डॉलरच्या खोट्या नोटा दिल्या. दोन गड्ड्यांतला प्रत्येक पत्ता शंभर डॉलर मिळवून देई, पण मध्येच असा फटका बसे की दहा पत्त्यांमागे साडेबाराशे जात. उरलेल्या दोन गड्ड्यांत मिळकत पन्नासाचीच, मात्र दंड दहा पत्त्यांमागे अवघा अडीचशे. कोणती गड्डी कशी, हे कोणालाच सांगितलेले नव्हते. तळहाताला इलेक्ट्रोड लावून घामामुळे होणारा सूक्ष्म विद्युतबदल मात्र सतत नोंदला जात होता.

दहाएक पत्ते उलटून झाल्यावर गंमत सुरू झाली. वाईट गड्डीतला पत्ता उचलण्याच्या आधीच हाताला घाम सुटू लागला. विचारले तर खेळणाऱ्याला अजून काही उमगलेले नसे. पन्नासाव्या पत्त्याच्या आसपास त्याला त्या दोन गड्ड्या खटकू लागत आणि ऐंशीच्या सुमारास बहुतेकांना डावातली मेख नीट सांगता येई. काहींना ती शेवटपर्यंत सांगता आली नाही, तरी त्यांचा हात चांगल्या गड्ड्यांकडेच वळला.

कपाळामागच्या मेंदूच्या खालच्या, मधल्या भागाला इजा झालेल्या रुग्णांची गत नेमकी उलटी होती. पत्ता उचलण्यापूर्वी त्यांना घाम येतच नसे. त्यांतल्या काहींनी वाईट गड्ड्या कोणत्या ते अचूक सांगितले, आणि सांगूनही पत्ते त्यांतूनच उचलले. दामासिओंनी अशाच एका रुग्णाची हकीकत लिहून ठेवली आहे. पुढच्या भेटीसाठी दोन तारखा सुचवल्यावर हा गृहस्थ जवळजवळ अर्धा तास दोन्हींच्या बाजूने आणि विरोधात मुद्दे मांडत बसला. इतर कामे, हवामान, काही सोडले नाही. शेवटी डॉक्टरांनीच त्यांतली दुसरी तारीख सुचवली, तेव्हा ‘ठीक आहे’ म्हणून तो शांतपणे निघून गेला. तर्क शाबूत होता. ‘आता पुरे’ असे आतून सांगणारे काही उरले नव्हते.

या प्रयोगावर पुढे आक्षेपही आले. २००४ मध्ये टियागो माया आणि जेम्स मॅक्लेलंड यांनी खेळणाऱ्यांना अधिक बारकाईने प्रश्न विचारले, तेव्हा मूळ संशोधकांना वाटले होते त्यापेक्षा खूप आधीच त्यांना डाव कळलेला असतो, असे आढळले. म्हणजे शरीर मनाच्या किती पुढे धावते, यावर एकमत नाही. निर्णयात शरीराचा वाटा असतो, एवढे मात्र या वादानंतरही टिकून आहे.

तो वाटा पोहोचतो कसा? हृदय, फुप्फुसे, जठर, आतडी यांच्या स्थितीची खबर मेंदूला अखंड मिळत असते. छातीपोटात उतरणाऱ्या व्हेगस मज्जातंतूतले बहुतांश तंतू हुकूम खाली नेणारे नसून खबर वर आणणारे आहेत. ही खबर मेंदूच्या घडीत दडलेल्या ‘इन्सुला’ या भागात एकत्र येते. पूर्वी ज्या प्रसंगी फटका बसला, त्याच्याशी मिळताजुळता प्रसंग आला की मेंदू शरीराला आधीच सावध करतो: ठोके वाढतात, घशाला कोरड पडते, पोटात गोळा येतो. कारण मागाहून सुचते, कधी सुचतही नाही. अंतःप्रेरणा म्हणतात तिचा बराचसा भाग असा साठलेल्या अनुभवाचा असतो.

गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने नोंदवलेला अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात एका बैठ्या घराच्या मागच्या बाजूला, स्वयंपाकघरात आग लागली होती. पाणी मारूनही ती हटेना. बाहेरच्या खोलीत उष्णता वाजवीपेक्षा जास्त होती, आणि एवढ्या धगीच्या मानाने आवाज फारच कमी. अधिकाऱ्याला काहीतरी चुकतेय असे वाटले आणि त्याने सर्वांना बाहेर काढले. लगोलग ते उभे होते ती जमीनच खचली. आग मुळात खालच्या तळघरात होती, आणि घराला तळघर आहे हे त्याला ठाऊकच नव्हते. त्याने याचे श्रेय अतींद्रिय शक्तीला दिले. क्लाइनने उलटतपासणी केल्यावर समजले की वर्षानुवर्षांच्या आगींनी मनात बसलेला नमुना आणि समोरची आग यांचा मेळ बसत नव्हता, इतकेच.

म्हणून कौल कोणाचा आणि कशाबद्दलचा, हे आधी पाहावे लागते. अंतःप्रेरणेचा पुरस्कर्ता क्लाइन आणि तिच्याकडे संशयाने पाहणारा डॅनियल कानमन यांनी २००९ मध्ये मिळून एक लेख लिहिला. अंतःप्रेरणा भरवशाची ठरायला दोन अटी लागतात, यावर दोघांचे जमले: त्या क्षेत्रात काही नियमितता हवी, आणि चूक की बरोबर हे वेळेवर कळत राहून शिकण्याची संधी हवी. अनुभवी परिचारिकेला बाळाची तब्येत ‘बरी वाटत नाही’ तेव्हा ऐकावे. निवडणुकीच्या निकालाबद्दल कोणाच्या पोटात काय होते, याला फारशी किंमत नाही.

शिवाय संकेत खरा असला, तरी त्याचा अर्थ चुकू शकतो. १९७४ साली कॅनडातील व्हँकुव्हरजवळ कॅपिलानो नदीवरच्या उंच, हलत्या झुलत्या पुलावर एका तरुणीने पुरुषांची मुलाखत घेऊन त्यांना आपला फोन नंबर दिला. भक्कम पुलावर भेटलेल्यांच्या तुलनेत झुलत्या पुलावरच्या कितीतरी जास्त पुरुषांनी मागाहून तिला फोन केला. प्रयोग करणाऱ्या डटन आणि ॲरन यांच्या मते भीतीने वाढलेल्या धडधडीचे श्रेय त्यांनी तरुणीला दिले होते. जागरण, उपाशी पोट, तीन कप कडक चहा यांनीही छाती धडधडते. चिंतेचा विकार असलेल्यांना तर असा इशारा ऊठसूट मिळतो. त्यांना ‘मनाचे ऐका’ हा सल्ला देणे म्हणजे आगीत तेल ओतणे.

शरीराचे संकेत ओळखायला शिकण्याची पहिली पायरी साधी आहे. शांत बसून, नाडीला हात न लावता, मिनिटभर हृदयाचे ठोके मोजायचे आणि दुसऱ्याने नाडीवर मोजलेल्या आकड्याशी ताडून पाहायचे. ही कसोटी ढोबळ आहे, कारण ठोके न जाणवता अंदाजानेही बरा आकडा सांगता येतो. लंडनमधील एका हेज फंडातल्या १८ ट्रेडरांवर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ठोके अचूक ओळखणाऱ्यांचा नफा अधिक दिसला. गट लहान होता, हे विसरू नये. ध्यानाने हे कौशल्य आपोआप येते असेही नाही. २००८ च्या एका अभ्यासात मुरलेले साधक ठोके ओळखण्यात इतरांपेक्षा सरस ठरले नाहीत. इगतपुरीच्या धम्मगिरीवरील विपश्यना शिबिरांत संवेदना पाहायला शिकवतात, पण तिच्यावर लगेच प्रतिक्रिया न देता. हा थांबा खऱ्या उपयोगाचा.

त्याहून फायद्याची सवय वहीची. घर, नोकरी, भागीदारी असा निर्णय घेताना शरीरात कुठे काय जाणवले, त्या दिवशी झोप आणि जेवण कसे होते, हे दोन ओळींत लिहून ठेवावे आणि निकाल लागल्यावर त्यापुढे नोंदवावा. कोणत्या बाबतीत आपला कौल खरा ठरतो आणि कोणत्या बाबतीत तो निव्वळ भीती असतो, हे वर्षभरात वहीच सांगते. मात्र छातीत दाब, डाव्या हातात कळ आणि दरदरून घाम हे एकत्र आले, तर त्याचा अर्थ लावत बसू नये. तडक रुग्णालय गाठावे.