जसं होतं तसं, पण कधीसारखं?

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत लेकीला घेऊन मी दादाकडे स्ट्रासबुर्गला गेले. फ्रान्सच्या पूर्व टोकाचं, जर्मनीच्या हद्दीला लागून असलेलं हे शहर. दादा सहा वर्षांपासून तिथे आहे. फिरायची हौस होतीच, पण सोबत एक न मिटलेलं भांडणही नेलं होतं. बेळगावात शहापूरला असलेल्या आमच्या घराचं.

बाबा गेल्यापासून आई तिथे एकटीच असते. पुढे सोपा, मग माजघर, स्वयंपाकघर, मागे परडं, परड्यात आड. डोक्यावर मंगळुरी कौलं. संडास परड्याच्या पार टोकाला. त्याआधीच्या पावसाळ्यात आई रात्री तिकडे जाताना घसरली आणि मनगट मोडून बसली. माझं म्हणणं होतं, घर पाडून नवं बांधू. दादाचं म्हणणं, एक वीट हलवायची नाही; उलट मधल्या काळात जे बदललं तेही पूर्वीसारखं करायचं. फोनवर हा विषय निघाला की आम्ही दोघंही लगेच पावसापाण्याच्या गप्पांवर यायचो.

एका रविवारी दादा म्हणाला, "चल, एक किल्ला दाखवतो. पार पडला होता, पुन्हा उभा केलाय. तो बघ, मग बोलू."

स्ट्रासबुर्गहून रेल्वेने सेलेस्टा नावाच्या गावी उतरलो. तिथून बस निघते आणि द्राक्षांचे मळे मागे टाकत व्होज डोंगराच्या जंगलात चढते. साडेसातशे मीटरांहून अधिक उंचीवर गुलाबी वालुकाश्माचा किल्ला एकदम समोर येतो. फ्रेंच लोक त्याला ओ-क्योनिग्सबुर म्हणतात, जर्मन होहक्योनिग्सबुर्ग. अर्थ एकच, उंचावरचा राजाचा गड.

एकाच जागेची दोन नावं आपल्याला, सीमाभागातल्या माणसांना, नवीन नाहीत. हा आल्सास प्रांत 1871 साली फ्रान्सकडून जर्मनीकडे गेला, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सकडे आला, 1940 साली पुन्हा जर्मनीकडे आणि दुसरं महायुद्ध संपताना परत फ्रान्सकडे. घर न बदलता एखाद्या म्हाताऱ्याचं राज्य चारदा बदललं असेल. स्ट्रासबुर्गच्या जुन्या भागात रस्त्यांच्या पाट्यांवर आजही फ्रेंचबरोबर तिथल्या आल्सेशियन बोलीतलं नाव असतं.

किल्ल्याचा उल्लेख बाराव्या शतकापासून मिळतो. 1462 साली तो पाडला गेला, कारण वाटमारी करणाऱ्या सरदारांनी तिथे बस्तान बसवलं होतं. मग 1479 साली तो टिअरस्टाइन घराण्याकडे आला. तोफांचा जमाना सुरू झाला होता, म्हणून त्यांनी जाड भिंतींचे बुरूज घालून तो नव्याने बांधला. 1633 साली, तीस वर्षांच्या युद्धात, स्वीडिश फौजेने बावन्न दिवस वेढा घातला, गड घेतला आणि जाळला. पुढची दोनशे वर्षं भिंतींतून झाडं उगवत राहिली.

1899 साली सेलेस्टा नगराने हे अवशेष जर्मन सम्राट कैसर विल्हेल्म दुसरा याला भेट दिले. त्याने बोडो एबहार्ट या वास्तुतज्ज्ञाला काम सांगितलं, 'पूर्वीसारखा करा.' एबहार्टने उकरून पाहिलं, जुनी कागदपत्रं धुंडाळली, त्याच काळातले इतर किल्ले तपासले आणि टिअरस्टाइनांच्या वेळचा, म्हणजे साधारण 1500 सालचा किल्ला उभा करायचं ठरवलं. 1900 ते 1908 काम चाललं. मध्ययुगीन गड, पण उभारणीला वाफेचं इंजिन आणि यंत्राची यारी! 13 मे 1908 रोजी भर पावसात उद्घाटन झालं. कैसर तिथे कधी राहायला आला नाही. हा मुलूख मुळातला जर्मन, हे जगाला दाखवायची त्याची इच्छा होती. दहा-अकरा वर्षांत त्याचं तख्त गेलं आणि किल्ला फ्रान्सचा झाला.

आत गेलो. उचलता येणारा पूल, साठ मीटरांहून खोल विहीर, स्वयंपाकघर, नक्षीदार फरश्यांनी मढवलेल्या खोल्या तापवायच्या उंच शेगड्या, आणि दिवाणखान्याच्या छतावर भलाथोरला गरुड. लेक हरखली होती. तिने गड म्हणजे येळ्ळूरचा राजहंसगड आणि सुट्टीत पाहिलेला पन्हाळा; भांडीकुंडी मांडलेला गड ती पहिल्यांदाच बघत होती.

पण पोरगी चौकस. एका भिंतीपाशी थांबून तिने विचारलं, "मामा, खालचे दगड झिजलेत आणि वरचे कसे कापल्यासारखे नीट आहेत? मग हा किल्ला खरा की खोटा?"

दादाने सांगितलं, हा वाद इथे शंभर वर्षं चाललाय. मधला चौकोनी बुरूज एबहार्टने फार उंच केला, असं कित्येक अभ्यासकांचं म्हणणं. हे मध्ययुग नव्हे, कैसरच्या मनातलं मध्ययुग, अशी टीकाही झाली. पण बाजू घेणारेही आहेत: त्याने अंदाजपंचे काही केलं नाही, अभ्यास करून केलं. आता तर 1908 सालचं कामच जुनं झालं. फ्रेंच सरकारने ते वारसा म्हणून जपलंय, कैसरच्या गरुडासकट.

गडापासून थोड्याच अंतरावर, त्याच डोंगरावर, दुसऱ्या एका लहान किल्ल्याचे अवशेष आहेत. त्याला कुणी पुन्हा उभारलं नाही. आम्ही तिथेही गेलो. उंच भिंती, शेवाळ, झाडं, शुकशुकाट. जे आहे ते सगळं अस्सल. पण लेकीला तिथे माणसं कुठे झोपत, कुठे जेवत, काही कळेना. पाच मिनिटांत तिने घरी जाऊया म्हणून भुणभुण लावली.

तिथल्याच एका दगडावर बसून डबा उघडला. वहिनीने थालीपीठं दिली होती. मी दादाला म्हटलं, "आपलं घर जसं होतं तसं करायचं म्हणतोस. पण कधीसारखं? आजीच्या वेळी माजघर शेणाने सारवायचे. शहाबादी फरशी बाबांनी घातली. तुला आठवतं ते घर आजोबांना नवंच वाटलं असतं की!"

दादा गप्प झाला. मग म्हणाला, "आणि तू पाडायचं म्हणतेस. मग ही त्यात काय ओळखणार? माझ्या आजीचं घर इथे होतं, एवढं ऐकणार फक्त."

दोघांचंही खरं होतं. तिथूनच आईला फोन लावला. दादाच्या डोक्यात स्वयंपाकघरात पुन्हा चूल घालायचा बेत होता, तो त्याने सांगितला. आई म्हणाली, "घाल की. फुंकायला मात्र तू ये. तुझ्या आजीचे डोळे त्या धुरानं गेले." आणि थोडं थांबून, "मला संडास घरात पाहिजे. बाकी तुमचं तुम्ही ठरवा."

आमच्या सहा महिन्यांच्या वादात हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

दिवाळीनंतर कामाला हात घातला. सोपा आणि माजघर तसंच ठेवलं. वाळवी लागलेले वासे बदलले, कौलं उतरवून फुटकी तेवढी बदलली. बाबांची शहाबादीही राहिली. चूल घातली नाही. मागच्या बाजूला आईची खोली आणि तिला लागून न्हाणी-संडास नवा बांधला. गवंडी म्हणत होता, याला वरून जुन्या विटांसारखं दिसेल असं करून देतो. दादा फोनवरून म्हणाला, "नको. नवं आहे, नवंच दिसू दे."

दाराच्या चौकटीवर आजोबांनी कोरून घेतलेलं 1931 आहे. सुताराने विचारलं, हे घासून नवं साल घालू का? त्याला हात लावू दिला नाही. नव्या खोलीच्या दारावर वेगळं साल घातलं. ते कोरताना माझी लेक शेजारी उभी होती. म्हणाली, "म्हणजे आता कुणाला विचारावं लागणार नाही, कुठलं कधीचं ते."

आई पलीकडे नव्या न्हाणीचा नळ सोडून बघत होती, पाणी गरम येतंय का.