कॅबिनेटचा पंखा ऐकेनासा झाला, तर...

वैनगंगेच्या काठावर वसलेल्या भंडारा जिल्ह्यात मे महिन्याचा उत्तरार्ध म्हणजे नवतपाचे दिवस. पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळत असतो. दहावी-बारावीचे निकालही याच सुमारास लागतात आणि उत्पन्नाचे, जातीचे, अधिवासाचे दाखले काढण्यासाठी सेवा केंद्रांपुढे रांगा लागतात. नेमक्या याच काळात अर्ज भरता भरता संगणक मंदावतो किंवा एकाएकी बंद पडतो. दोष व्हायरसला दिला जातो, विंडोज नव्याने टाकले जाते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तोच प्रकार घडतो. पुष्कळदा कारण कॅबिनेटच्या मागच्या बाजूला मंद गतीने फिरत असते, कधी फिरतही नसते.

कॅबिनेटचा पंखा हवा थंड करीत नाही, तो आतली गरम हवा बाहेर टाकून खोलीतील हवा आत घेतो. खोलीचे तापमान ४२ अंश असेल, तर कॅबिनेटच्या आत त्याहून कमी तापमान मिळणे अशक्य. २५ अंशांच्या खोलीत ज्या कामाला प्रोसेसर ६५ अंशांवर राहतो, तेच काम त्याच वेगाच्या पंख्यावर ४२ अंशांच्या खोलीत त्याला ८२ अंशांच्या घरात नेते. पुढे ९५ ते १०० अंशांच्या दरम्यान बहुतेक प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतात, आणि तरीही उष्णता वाढत गेली तर यंत्रणा वीज तोडते. मदरबोर्डवर कारखान्यातून येणारी पंख्याची आखणी बहुधा विदर्भातील उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून केलेली नसते. त्यामुळे पंख्याचा वेग आपल्या हाती असणे ही येथे चैन नव्हे.

एक गैरसमज आधी दूर करायला हवा. संध्याकाळी विजेचा दाब उतरला की छताचा पंखा मंदावतो, म्हणून कॅबिनेटचा पंखाही त्याच कारणाने मंदावला असावा, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. कॅबिनेटमधील वीजपुरवठ्याचे युनिट, म्हणजे एसएमपीएस, बाहेरचा दाब कमी-जास्त झाला तरी पंख्याच्या वाहिनीवर १२ व्होल्ट कायम राखते. त्यात ५ टक्क्यांहून अधिक फरक पडू नये, असा दंडक आहे. दाब फारच उतरला तर संगणक बंद पडेल, पंखा हळू होणार नाही. तेव्हा वेग चुकत असेल, तर कारण कॅबिनेटच्या आतच शोधावे लागते.

शोधाची सुरुवात पंख्याच्या तारा मोजण्यापासून करावी. तीन तारांच्या पंख्यात एक तार जमिनीची, दुसरी १२ व्होल्टची आणि तिसरी फेऱ्यांची गणना कळवणारी असते. अशा पंख्याचा वेग बदलायचा, तर मदरबोर्डला व्होल्टेजच कमी-अधिक करावे लागते. चार तारांच्या पंख्यात १२ व्होल्ट सतत मिळत राहतात आणि चौथ्या तारेवरून सेकंदाला सुमारे २५ हजार वेळा चालू-बंद होणारा इशारा येतो. त्यात चालूचे प्रमाण जितके जास्त, तितका वेग जास्त. या पद्धतीला पीडब्ल्यूएम म्हणतात.

सर्वाधिक घोटाळा येथेच होतो. मदरबोर्डवरील जोडणी चार पिनांची, बायोसमध्ये पद्धत पीडब्ल्यूएम आणि लावलेला पंखा मात्र तीन तारांचा, अशी स्थिती असेल तर पंखा नेहमी पूर्ण वेगाने घोंगावतो. चौथी तारच नसल्याने मदरबोर्डचा इशारा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. बायोसमध्ये जाऊन त्या जोडणीची पद्धत पीडब्ल्यूएमवरून डीसी केली, की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. उलट बाजूही लक्षात ठेवावी. डीसी पद्धतीत व्होल्टेज फार खाली आणले तर पंखा अडखळतो. फिरत असलेला पंखा कमी व्होल्टेजवर फिरत राहील, पण एकदा थांबला की पुन्हा सुरू व्हायला त्याला अधिक जोर लागतो. म्हणून किमान मर्यादा थोडी वरच ठेवलेली बरी.

पद्धत योग्य असूनही वेग चुकत असेल, तर पंखा कोणत्या तापमानाकडे पाहून चालतो, ते तपासावे. अनेक मदरबोर्डवर कॅबिनेटच्या पंख्याला प्रोसेसरचे की मदरबोर्डचे तापमान मानायचे, हे बायोसमध्ये निवडता येते. मदरबोर्डचा संवेदक सावकाश तापतो, त्यामुळे प्रोसेसर ९० अंशांवर पोहोचला तरी पंखा निवांत असतो. प्रोसेसरचा संवेदक निवडला तर दुसरी अडचण उभी राहते. त्याचे तापमान क्षणात १०-१५ अंशांनी वर-खाली होते आणि पंखा विनाकारण गुरगुरत राहतो. त्यासाठी वेग बदलण्यापूर्वी काही सेकंद थांबण्याची सोय बऱ्याच बायोसमध्ये दिलेली असते, तिचा उपयोग करावा. वेगाची आखणी करताना खोली किती तापते याचा विचार हवा. भंडाऱ्यासारख्या ठिकाणी उन्हाळ्यासाठी पंखा ७० अंशांच्या आतच पूर्ण वेगाला पोहोचेल, अशी रेषा आखणे शहाणपणाचे. थोडा आवाज सहन करावा लागेल, एवढेच.

फेऱ्यांची संख्या शून्य दिसणे म्हणजे पंखा मेला, असे नव्हे. एका जोडणीवर दुभाजक तार लावून दोन-तीन पंखे चालवले, तर एकाच पंख्याची गणना मदरबोर्डपर्यंत पोहोचते. गणनेची तारच नसलेले दोन तारांचे पंखेही बाजारात आहेत. पण 'सीपीयू फॅन' असे लिहिलेल्या जोडणीवर शून्य दिसले, तर अनेक मदरबोर्ड संगणक सुरू होतानाच इशारा देऊन थांबतात. प्रोसेसरचा पंखा चुकून शेजारच्या जोडणीवर लावला गेला नाही ना, हे आधी पाहावे. दुभाजक वापरताना भाराचाही हिशेब ठेवावा. साधारणतः एका जोडणीची क्षमता १ अँपिअर असते. पंख्यावर छापलेल्या आकड्यांची बेरीज त्याच्या आत असावी.

विंडोजमध्ये दोन वेगवेगळे प्रोग्रॅम एकाच वेळी पंख्यावर ताबा सांगू लागले, तरी वेग लहरी होतो. निदान होईपर्यंत दोन्ही बंद ठेवून कारभार बायोसकडेच सोपवावा.

धानाचा पट्टा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात धुळीचा विचार टाळता येत नाही. राईस मिलच्या कार्यालयातील संगणकात कोंड्याची बारीक भुकटी पात्यांवर आणि जाळीवर बसते. त्यात खोलीत कूलर असेल, तर दमट हवेमुळे तिचा चिकट थर होतो. मग आकड्यांत वेग पूर्ण दिसतो, हवा मात्र पुढे सरकत नाही. ब्लोअरने सफाई करताना पाती बोटाने धरून ठेवावीत. जोराच्या झोतात ती भलत्या वेगाने फिरली तर बेअरिंग खराब होते.

एवढे सगळे जुळवल्यावरही काही दिवसांनी सेटिंग मूळपदावर जात असेल, तर मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराची सीआर २०३२ बॅटरी संपत आली आहे. मुख्य वीज असेपर्यंत ती जवळपास खर्च होत नाही. बटण बंद असताना किंवा वीज गेल्यावर मात्र तिलाच घड्याळ चालते ठेवावे लागते, आणि अनेक मदरबोर्डवर बायोसची स्मृतीही तिच्याच जोरावर टिकते. सुरू होताना संगणकाची तारीख मागे गेलेली दिसली, तर पंख्याच्या तारा उपसण्याआधी ही बॅटरी बदलावी.