तिसरी गदा

महाराष्ट्र केसरीची चांदीची गदा एकदा जिंकणे मोठे, दोनदा जिंकणे फार मोठे. पण सलग तिसऱ्यांदा? १९६१ साली औरंगाबादला दिनकर दह्यारींनी पहिला किताब घेतला. तेव्हापासून पन्नास वर्षे हे कुणालाच जमले नव्हते. गणपत खेडकर (१९६४, ६५), चंबा मुत्नाळ (१९६७, ६८), दादू चौगुले (१९७०, ७१), लक्ष्मण वडार (१९७२, ७३) हे सगळे दोनवर थांबले. चंद्रहार पाटीलने २००७ आणि २००८ साली गदा उचलली, तेव्हा आता तिसरी येणार असे आम्हा कुस्तीवेड्यांना वाटले. २००९ ची गदा विकी बनकरने नेली.

'आम्हा' म्हणजे आदिलाबादकर. १९५६ साली किनवट आणि राजुरा तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, आम्ही पैनगंगेच्या अलीकडे राहिलो. पण जत्रेतला फड दोन्हीकडे सारखाच. पोरांच्या कुस्त्या नारळावर सुरू व्हायच्या आणि शेवटची चांदीच्या कड्यावर. हलगी वाजली की आमचे काका जेवणाचे ताट तसेच सोडून उठत. नदीपलीकडून येणारे मराठी वर्तमानपत्र घरात आले की त्यातले क्रीडापान आधी त्यांच्या हातात जाई. सौ. माहेरची बीदरकडची. तालमीला कानडीत 'गरडी मने' म्हणतात हे मी तिच्याकडून शिकलो. तिच्या माहेरीही कुस्तीचे वेड आमच्याइतकेच, त्यामुळे सासुरवाडीत माझे बरे चालते!

आणि मग आला नरसिंग यादव. कुटुंब मूळचे वाराणसीकडचे, वडील मुंबईत जोगेश्वरीला दूध विकणारे. नरसिंगने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ७४ किलो गटात सुवर्ण घेतले होते. महाराष्ट्र केसरीत मात्र त्याला आपल्याहून वजनदार गड्यांशी झुंजायचे होते. या स्पर्धेत मातीवरचा विजेता आणि गादीवरचा विजेता शेवटी समोरासमोर येतात, त्यामुळे कुणाचे बळ मातीतले, कुणाचे गादीवरचे, यावर आमच्याकडे चहाचे कप संपत. २०११ साली तो जिंकला. २०१२ साली गोंदियाला पुन्हा जिंकला. मग २०१३, भोसरी. त्या आठवड्यात मी वर्गात शिकवत होतो खरा, पण लक्ष कुठे होते ते विद्यार्थ्यांना ठाऊक होते. विजयाची साखळी वाढत जाते तशी चाहत्याची मजा कमी होते आणि धाकधूक वाढते, हा माझा अनुभव. पहिल्या गदेला मी टाळ्या वाजवल्या होत्या. तिसऱ्या वेळी नुसता श्वास धरून बसलो. नरसिंगने ती उचलली आणि काका इतकेच म्हणाले, "झालं एकदाचं."

तेव्हा कट्ट्यावर कुणी कुजबुजायचे, हा कसला महाराष्ट्र केसरी, हा तर उत्तरेचा. मला हे कधीच पटले नाही. १९६६ चे विजेते दीनानाथ सिंहही उत्तरेतूनच येऊन कोल्हापूरच्या मातीत मुरले होते. आणि आम्ही, मराठी बोलून महाराष्ट्राबाहेर राहणारे, कुणाच्या मराठीपणाचे माप कोणत्या तोंडाने काढणार?

माझा भाचा अंडरटेकरचा भक्त. १९९१ पासून रेसलमेनियात सलग २१ विजय, आणि ६ एप्रिल २०१४ ला ब्रॉक लेस्नरने ती साखळी तोडली. पोरगा दोन दिवस नीट जेवला नाही. तिथले निकाल आधी ठरलेले असतात हे त्याला माहीत होते, तरी! मी हसलो नाही. त्याच वर्षी अहमदनगरला जळगाव जिल्ह्यातल्या विजय चौधरीने पहिली गदा घेतली, २०१५ साली नागपूरला दुसरी. मामा-भाचे पुन्हा एकाच बाकावर.

२०१६ मात्र विचित्र वर्ष. ऑगस्टमध्ये रिओ ऑलिम्पिकच्या ऐन लढतीच्या तोंडावर नरसिंगवर उत्तेजक प्रकरणी चार वर्षांची बंदी आली. आपल्याविरुद्ध कट झाला, असे तो शेवटपर्यंत सांगत राहिला. काकांनी त्या दिवशीचे वर्तमानपत्र उघडलेच नाही. आणि त्याच वर्षी पुण्यात वारज्याला विजयने अभिजित कटकेला हरवून तिसरी गदा मिळवली. पन्नास वर्षे जे घडले नव्हते ते सहा वर्षांत दोनदा घडले. पुढच्या वर्षी भूगावला गदा त्याच अभिजितने घेतली. मला त्याचाही आनंदच झाला.

गेल्या वर्षी जैनदकडचा माझा एक विद्यार्थी विचारत होता, "सर, मला खेळता येईल का महाराष्ट्र केसरी?" तिथे जिल्ह्यांचे संघ उतरतात, आणि आपला जिल्हा त्या यादीत नाही. घरी मराठी, शाळेत तेलुगू, असा हा मुलगा. तो हैदराबादला निवड चाचणीला गेला. जाताना कोणते डाव पक्के झाले ते त्याने बोटांवर मोजून सांगितले: ढाक, घिस्सा, एकेरी पट.