रक्ताची पिशवी आणि श्वासावरील पहारा

पैनगंगेच्या दक्षिणेकडील मुलुखातले, आदिलाबाद जिल्ह्यातील तामसी हे मंडळ प्रथम निजामाच्या अमलात, १९५६ नंतर आंध्र प्रदेशात आणि २०१४ पासून तेलंगणात गणले गेले असले, तरी तेथील पुष्कळ घरांतून मराठी अद्याप नांदते; आणि बाळंतपणात अतिरक्तस्राव झालेली स्त्री असो, वा सिकलसेलने वरचेवर अंथरूण धरणारे गोंड-कोलाम वस्तीवरील मूल असो, रक्त देण्याचा प्रसंग आला की नातलगांस जिल्ह्याच्या ठिकाणाची वाट धरावी लागते. गट जुळेल ना, पिशवी मिळेल ना, ही त्यांची चिंता. आणि पिशवी हाती आली की संकट टळले असे त्यांस वाटावे, हे स्वाभाविकच आहे. परिचारिकेची जबाबदारी मात्र तेव्हा कोठे सुरू होते.

दीर्घकाळच्या रक्तक्षयात शरीरातील रक्ताचे एकंदर आकारमान फारसे घटलेले नसते. घटलेल्या असतात त्या तांबड्या पेशी, आणि ती उणीव भरून काढण्यासाठी हृदय आधीच अविश्रांत राबत असते. अशा हृदयावर घाईने पिशवी रिती केली, तर तो भार त्यास पेलत नाही, द्रव फुप्फुसांत झिरपतो, रक्तदाब चढतो, मानेच्या शिरा फुगतात आणि रुग्णास आडवे निजवेनासे होते. वैद्यक यास ‘टॅको’ म्हणते. याहून विरळा, पण अधिक कपटी असा दुसरा प्रकार ‘ट्राली’चा: दात्याच्या रक्तद्रवातील प्रतिपिंडे, जी अनेक गर्भारपणे झालेल्या स्त्रियांत विशेषेकरून आढळतात, रुग्णाच्या पांढऱ्या पेशींना चेतवितात आणि सहा तासांच्या आत फुप्फुसांच्या सूक्ष्म वाहिन्या पाझरू लागतात. येथे ताप येतो आणि रक्तदाब बहुधा खालावतो. म्हणून पहिल्या विकारात तारक ठरणारे लघवी वाढविणारे औषध दुसऱ्यात अपायकारक होऊ शकते. ब्रिटनने २००३ पासून रक्तद्रवासाठी पुरुष दात्यांस प्राधान्य दिले, ते या दुसऱ्या विकारापायीच.

दोहोंतला भेद ठरविणे हे डॉक्टरांचे काम खरे. परंतु तो ठरविण्याजोगा पुरावा परिचारिकेच्या नोंदवहीतच सापडतो. रक्त लावण्यापूर्वीचे तापमान, नाडी, रक्तदाब, श्वासांची गती आणि प्राणवायूचे प्रमाण टिपलेले नसेल, तर पुढे काय बिघडले हे कोण सांगणार? पहिली पंधरा मिनिटे थेंब मंद ठेवून तिने खाटेशीच थांबावयाचे. पिशवी चार तासांच्या आत संपवावयाची, पण शेवटची बस चुकेल म्हणून ‘सिस्टर, जरा जोरात सोडा ना’ असे आर्जव करणाऱ्या नातलगाचे मन मोडावयाचे. हे मन मोडणे मला या व्यवसायातील एक फार मोठे, आणि फार कमी वाखाणले गेलेले कौशल्य वाटते. ‘छातीत दाटून येतंय’, ‘जीव घाबरतोय’ असे मराठी रुग्ण तरी बोलून दाखवील. केवळ गोंडी वा कोलामी बोलणारी वृद्धा परक्या वॉर्डात तोंडही उघडणार नाही, आणि तिच्या बाबतीत नातीला आधीच समजावून ठेवणे व नाकपुड्यांकडे लक्ष ठेवणे, हाच उपाय.

श्वास वाढलाच, तर प्रथम रक्त बंद करावयाचे. सुई काढावयाची नाही, तर नव्या नळीने सलाइन लावून शीर खुली ठेवावयाची. रक्तदाब साथ देत असेल, तर रुग्णास उठवून बसवावयाचे, प्राणवायू द्यावयाचा आणि डॉक्टरांस तातडीने वर्दी द्यावयाची. नाव, गट व पिशवीचा क्रमांक पुन्हा पडताळून उरलेली पिशवी नळीसह रक्तपेढीकडे रवाना करावयाची, फेकावयाची नाही. भारतात रक्तसंक्रमणातील अशा प्रतिक्रियांची नोंद ठेवणारा ‘हिमोव्हिजिलन्स’ कार्यक्रम १० डिसेंबर २०१२ रोजी सुरू झाला, आणि त्याचा नमुना भरणे हे पुष्कळांस दप्तराचे आणखी एक ओझे वाटते. परंतु एका दात्याच्या रक्तातून तांबड्या पेशी, रक्तद्रव आणि बिंबिका असे निरनिराळे घटक होऊन ते निरनिराळ्या रुग्णांकडे जात असतात. परिचारिकेने वेळीच कळविले, तर रक्तपेढीस त्याच दात्याच्या उरलेल्या पिशव्या, दुसऱ्या कोणाच्या शिरेत जाण्यापूर्वी, अडवून ठेवता येतात.