सांध्यांच्या डॉक्टरची साडेअकरा वर्षे

संधिवाततज्ज्ञ मुळात मेडिसिनचा डॉक्टर असतो. सांधा बदलणे, हाड जोडणे ही अस्थिरोगतज्ज्ञाची कामे. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर, त्वचेवर, कधी फुप्फुसांवर वा मूत्रपिंडांवर उलटते, तेव्हा तो आजार ओळखून औषधांनी आटोक्यात ठेवणे हे संधिवाततज्ज्ञाचे काम. आमवात (रुमटॉइड आर्थ्रायटिस, आरए), ल्युपस यांच्या जोडीला गाऊटही त्याच्याच खात्यात येतो.

तिथवरचा रस्ता लांबचा आहे. एमबीबीएसची साडेचार वर्षे, वर्षभर इंटर्नशिप, मग एमडी मेडिसिनची तीन वर्षे. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या विद्यार्थ्याचे एवढे शिक्षण बेळगावातच होऊ शकते. केएलई संस्थेचे जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज तिथे १९६३ पासून आहे. पुढे नीट-एसएस ही प्रवेशपरीक्षा देऊन याच विषयातल्या डीएम किंवा डीआरएनबी पदवीची आणखी तीन वर्षे. लखनौची संजय गांधी संस्था आणि वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज ही त्यातली नावाजलेली ठिकाणे. दवाखान्यावर पाटी लागते तोवर तिशी आलेली असते.

एवढे शिकायचे कशासाठी, हे भिगवणच्या पाहणीतून कळते. पुणे जिल्ह्यातल्या या गावात १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने घरोघर जाऊन ४,०९२ प्रौढांची विचारपूस केली. ७४६ जणांना सांधे-स्नायूंचे दुखणे निघाले. आमवाताचे रुग्ण मात्र त्यात अगदी थोडे. बाकीच्यांचे दुखणे बहुतांशी कष्टाचे, झिजेचे. त्या गर्दीतून हे थोडे वेळेवर वेगळे काढले नाहीत, तर सांधे कायमचे वाकडे होतात.

सीमेलगत कर्नाटकात असलेल्या निपाणीत हे वेगळे काढणे आणखी अवघड होते. तंबाखूच्या वखारी आणि विड्या वळणाऱ्या बायकांचे हे गाव. अशा बाईची बोटे दुखली की कारण समोरच दिसते, आणि तिथेच निदान चुकण्याचा धोका असतो. कामाने दुखणारा हात विश्रांतीने हलका होतो. आमवातात सकाळी उठल्यावर मूठच वळत नाही. आखडलेपण तासभर टिकते आणि हात चालता झाला की सुटत जाते. डॉक्टर बोटांच्या मुळाशी असलेले सांधे एकेक करून दाबून पाहतो. सूज मऊ आणि बहुधा दोन्ही हातांत सारखी लागते. नखालगतच्याच सांध्यांना गाठी असतील, तर झिजेचा विचार आधी होतो. रक्ततपासणीतला आरए फॅक्टर निरोगी माणसातही कधी पॉझिटिव्ह येतो, म्हणून नुसत्या रिपोर्टवर निदान करत नाहीत. चिकुनगुन्या झाला होता का, हेही विचारावे लागते. त्या तापानंतर सांधे महिनोन्महिने आमवातासारखेच दुखतात. २००६ च्या साथीत देशातल्या संशयित रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक कर्नाटकातले होते.

उपचाराचा कणा म्हणजे मेथोट्रेक्सेट. ही गोळी आठवड्यातून एकाच दिवशी घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. म्हणून वार ठरवून द्यावा, तो रुग्णाच्या भाषेत, मराठीत किंवा कन्नडमध्ये, चिठ्ठीवर लिहावा आणि त्याच्याकडून वदवून घ्यावा. सीमाभागात ही खबरदारी औषधाइतकीच मोलाची आहे. जोडीला फॉलिक ॲसिड असते, आणि पेशींची संख्या व यकृत पाहण्यासाठी ठरावीक काळाने रक्ततपासणी. तपासणी निपाणीतच करून घेता येते. रिपोर्ट घेऊन बेळगावला किंवा कोल्हापूरला जायचे.