कॅलिपरला रंग शेवटी, आधी सील

जुन्नर-आंबेगावात गाडी म्हणजे हौस नव्हे, रोजीरोटी आहे. नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोचे क्रेट भरलेली पिकअप ओतूरमार्गे माळशेज घाट उतरून कल्याणकडे जाते. मंचर-घोडेगावहून भाविकांच्या जीपा भीमाशंकरच्या वळणांवर चढतात-उतरतात. अशा रस्त्यांवर डिस्क ब्रेकचा कॅलिपर जाम झाला तर काय होते, हे आपल्या गॅरेजवाल्या बांधवांना सांगायला नको.

हल्ली तरुण मंडळी कॅलिपरला लाल-पिवळा रंग देऊन घेतात. चाकातून तो उठून दिसतो खरा. पण रंगाने ब्रेक सुधारत नाही, गंज मात्र झाकला जातो. म्हणून आधी आतले काम करावे.

पिस्टनभोवतीचे रबरी सील दोन कामे करते. ते ऑइल अडवते आणि पायडल सोडल्यावर पिस्टनला किंचित मागे ओढते. सील कडक झाले की पॅड डिस्कला घासत राहतो, चाक तापते, पॅड एकाच बाजूने झिजतो.

काम घरच्या अंगणातही होते. मात्र गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नये. स्टँड लावून बाकीच्या चाकांना दगड द्यावेत. कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू नये, तारेने बांधावा. ब्रेकची धूळ हवेने उडवू नये; जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसावी. हवेच्या दाबाने पिस्टन काढताना समोर लाकडाचा ठोकळा ठेवावा, बोटे नव्हे.

पिस्टनवर गंजाचे खड्डे असतील तर तो बदलावा, पॉलिश पेपरने घासून चालवू नये. सील किट नवीनच घालावे. रबराला पेट्रोल, डिझेल किंवा साधे ग्रीस लागू देऊ नये, ते फुगते. सील बसवताना ताजे ब्रेक ऑइल लावावे, सरकत्या पिनांना ब्रेकसाठीचे खास ग्रीस.

रंग द्यायचा तो जोडणीपूर्वी, उष्णता सोसणारा, दोन-तीन पातळ हातांनी. पिस्टनचे भोक, पॅड टेकण्याच्या जागा, पिना, ब्लीडर निपल आणि होज बसते ती जागा टेप लावून झाकावी.

शेवटी ताजे ऑइल भरून हवा काढावी. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषते. नवे डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओल धरल्यावर ही मर्यादा १४० वर येते. लांब उतारावर ऑइल उकळून वाफ झाली की पायडल थेट खाली जाते. सांडलेले ऑइल गाडीचा रंग खाते, लगेच पाण्याने धुवावे. मग मोकळ्या, सपाट रस्त्यावर हळू चालवून ब्रेक तपासावा. पायडल मऊ लागले तर गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात देऊ नये.

बिलात सील किट, ऑइल, मजुरी आणि रंग वेगवेगळे लिहावेत आणि काढलेले जुने सील गिऱ्हाइकाच्या हातात द्यावे. नुसता रंग मारून ब्रेकच्या कामाचे पैसे घेणारा कारागीर एक गिऱ्हाईक कमावतो आणि घाटात एखाद्याचा जीव धोक्यात घालतो.