ताईचा परफ्यूम मी दिवसभर लावून बघितला

ज्यांचे हेडफोन घरी राहिलेत किंवा ज्यांना माझ्या आवाजाचा कंटाळा आलाय, त्यांच्यासाठी हे आजच्या एपिसोडचं वाचायचं व्हर्जन.

गेल्या भाऊबीजेला मी ताईला ओवाळणीत परफ्यूम दिला. कॉलेज रोडवरच्या दुकानात कागदाच्या पट्टीवर एक फवारा, दोन मिनिटं वास, आवडला, पैसे दिले. ताई खूश. मग संक्रांतीला तिच्या घरी गेलो तर बाटली जवळपास भरलेलीच. विचारलं तर म्हणाली, "अरे, सकाळी छान वाटतो रे, पण संध्याकाळपर्यंत डोकं उठतं माझं."

मला वाटलं, नखरे. मी रोज दुसऱ्याच्या कोडमधले बग शोधतो, इथे मात्र बग रिपोर्टच खोटा ठरवून मोकळा झालो. घरी आल्यावर थोडी लाज वाटली. मग बाटली मागून आणली आणि ठरवलं, एक पूर्ण दिवस स्वतः लावायचा आणि तासातासाला फोनमध्ये नोंद करायची.

सकाळी ८:४०. दोन्ही मनगटांवर एकेक फवारा. पहिली काही सेकंदं फक्त स्पिरिटचा वास, कारण बाटलीत सगळ्यात जास्त अल्कोहोलच असतं. ते उडालं की संत्र्याची साल नखाने सोलल्यासारखा तजेला. हाच तो वास, ज्याच्यावर मी दुकानात पैसे टाकले होते. ९:३० ला इंदिरानगरहून बाईकने ऑफिसला पोहोचलो तोवर तो गेलेला!

याचं कारण सोपं आहे. परफ्यूम म्हणजे एक वास नसतो, वेगवेगळ्या वेगाने उडणाऱ्या रेणूंची ती गर्दी असते. लिंबू-संत्र्याच्या वासातला लिमोनीन हा रेणू हलका, रेणुभार १३६. तो आधी पळतो. मस्क म्हणजे कस्तुरीसारख्या वासासाठी वापरतात तो गॅलॅक्सोलाइड २५८ चा, तो तासन् तास हलत नाही. पण नुसत्या वजनावर जाऊ नका. व्हॅनिलाच्या वासाचा व्हॅनिलिन फक्त १५२ चा आहे, तरी टिकतो, कारण त्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून बसतात. म्हणजे दुकानातल्या दोन मिनिटांत तुम्ही जो वास घेता, तो सगळ्यात आधी निघून जाणाऱ्या मंडळींचा असतो. ट्रेलर बघून तिकीट काढल्यासारखं.

११ वाजता स्टँडअप मीटिंग. आता मोगरा-चमेली पूर्ण फुललेली. एक मित्र म्हणाला, "काय रे, कोणाचा लेडीज परफ्यूम मारून आलास?" सगळे हसले. खरं सांगतो, मी हात टेबलाखाली घेतला.

दुपारी मिसळ खाताना मात्र त्या 'लेडीज'चा विचार करत बसलो. आमचे आजोबा लग्नाला निघताना गुलाबाच्या अत्तराचा फाया कानात ठेवायचे. लग्नाच्या दारात अत्तर आणि गुलाबपाणी पुरुषांनाही मिळतं, आणि तिथे कोणी विचारत नाही की हा गुलाब जेन्ट्स आहे का. मोगल काळात आपल्या नाशिकचं नावच गुलशनाबाद होतं! आणखी एक गंमत. चमेलीच्या वासाचा हेडिओन नावाचा रेणू गाजला तो १९६६ साली, दिऑरच्या 'ओ सोवाज' या परफ्यूममुळे. तो परफ्यूम पुरुषांचा. आज हेडिओन दोन्हीकडच्या बाटल्यांत सर्रास असतो. काचेवरचं लेबल बदलतं, रेणू तेच.

(खऱ्या मोगऱ्यात इंडोल नावाचा रेणूही असतो. तो जास्त प्रमाणात असला तर संडासासारखा वास येतो. थोडा असला तर फूल जिवंत वाटतं. हे ऐकल्यापासून आई गजरा संशयाने हुंगते.)

४ वाजता नोंद केली: "वास संपला." बॅगेतून बाटली काढली, आता परत मारणार, तेवढ्यात शेजारची सहकारी म्हणाली, "नको ना प्लीज. मी सकाळपासून खिडकी उघडून बसलेय."

वास संपलेला नव्हता. माझ्या नाकाने तो कळवणं बंद केलं होतं. सतत येणारा वास धोक्याचा नाही असं दिसलं की नाक आणि मेंदू त्याच्याकडे दुर्लक्ष करायला लागतात, नवीन वासासाठी जागा मोकळी ठेवतात. म्हणून स्वतःच्या घराचा वास आपल्याला येत नाही, पाहुण्यांना येतो. परफ्यूम लावणारा माणूस त्याचा सगळ्यात वाईट परीक्षक असतो, आणि 'गेला वाटतं' म्हणून तो परत परत मारत राहतो. दुकानात मध्येच कॉफीच्या बिया हुंगायला देतात ना, त्याने फार काही होत नाही. बाहेर जाऊन मोकळी हवा घ्या.

संध्याकाळी ७:३० ला थेट ताईकडे गेलो. दार उघडताच ती मागे सरली. "हाच! हाच तो वास!" मी मनगट नाकाला लावलं. अगदी पुसटशी व्हॅनिला, बाकी शून्य. आई तिथेच होती, तिलाही हुंगायला दिलं. ती म्हणाली, "मला तर काहीच येत नाही बाई."

एकच मनगट आणि तीन नाकं. माणसाच्या नाकात वास ओळखणारे साधारण ४०० प्रकारचे रिसेप्टर असतात. त्यांचे जीन लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सल यांनी १९९१ मध्ये शोधले, त्यासाठी २००४ चं नोबेल मिळालं. हे जीन माणसागणिक थोडे वेगळे असतात. काही लोकांना विशिष्ट मस्क जवळजवळ येतच नाही, बाकी सगळे वास नीट येत असले तरी. संध्याकाळी मनगटावर उरतो तो मुख्यतः मस्कच. तेव्हा माझा अंदाज असा, की आई आणि मी त्याला बहिरे आहोत आणि ताईला तो पूर्ण व्हॉल्यूमवर येतो. ती गेले दोन महिने खरंच बोलत होती.

मी तिला सॉरी म्हणालो. ती म्हणाली, "आधी हात धुऊन ये."

आता मी काय करतो ते सांगतो. दुकानात मनगटावर एकच फवारा मारायचा, काही न घेता निघायचं. कामं उरकायची, जेवायचं आणि झोपायच्या आधी हुंगायचं. दुसऱ्यासाठी घ्यायचा असेल तर त्याच्याच मनगटावर, आणि वास कसा आहे हे त्यालाच विचारायचं. दुकानदार थोडा वैतागतो, चालतंय.

ती बाटली आता मीच वापरतो. ऑफिसच्या दिवशी एकच फवारा, तोही शर्टच्या आत. खिडकी बंद असते. ताईने मात्र आत्तापासून सांगून ठेवलंय, यंदा ओवाळणीत पाकीट घाल, रोख.